आधी दोर, मग करवत



एप्रिल-मे महिना आला की गावोगाव झाडे तोडण्या-छाटण्याची घाई सुरू होते. घराच्या कौलांवर आलेली आंब्याची फांदी, बांधावरची वाळलेली बाभूळ, गोठ्यावर कललेले शेवग्याचे झाड, सारे काही पाऊस लागण्याआधी उरकायचे असते. पूर्वी प्रत्येक वाडीत कुऱ्हाड आणि कोयता घेऊन झाडावर चढणारे दोन-चार गडी असत. आता ते म्हातारे झाले आणि त्यांची मुले शहरात गेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ कोकणाला झोडपून गेले. आंबा, माड, सुपारी आडव्या झाल्या, वाटा अडल्या. त्या दिवसांत पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचे, म्हणजे चेनसॉचे मोल पुष्कळांना कळले. आज ती तालुक्याच्या बाजारात टांगलेली दिसते आणि तरुण मुलांना तिच्यात रोजगार दिसतो.

अशाच एका माउलीचे पत्र या सदराकडे आले आहे. त्या लिहितात, "धाकटा मुलगा बारावी होऊन घरी बसला आहे. झाडे तोडायची मशीन घेतो म्हणतो. कामे मिळतील हे खरे. पण त्यासाठी दुभती म्हैस विकावी का? आणि तो झाडावर गेला की माझा जीव खालीवर होईल त्याचे काय?"

ताई, म्हैस विकू नका आणि मुलाला नाहीही म्हणू नका. काम चांगले आहे, गावाच्या गरजेचे आहे, मान मिळवून देणारे आहे. फक्त त्याच्या खरेदीचा क्रम उलटा करा. बहुतेक मुले आधी मशीन घेतात आणि उरलेल्या पैशात दोर व हेल्मेट बघू म्हणतात. पैसे उरत नाहीत, मग बैलाच्या कासऱ्यावर आणि पायातल्या चपलेवर काम सुरू होते. आपल्याकडे म्हण आहे, आधी पोटोबा, मग विठोबा. या धंद्यात आधी दोर, मग करवत.

असे का म्हणतो, ते आकड्यांतच पाहा. पंधरा मीटर उंचीच्या झाडावरून माणूस सुटला तर पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर असतो. धावत्या मोटारीतून फेकले गेल्यासारखेच ते. करवतीचे पाहिले तर पूर्ण जोरात असताना तिची चेन सेकंदाला सुमारे वीस मीटर धावते. हात मागे घ्यायला तेवढा अवधी मिळत नाही. म्हणून जे काही वाचवायचे ते अगोदरच अंगावर असले पाहिजे.

पहिले वर्ष जमिनीवर

नवख्याने पहिल्या हंगामात झाडावर चढून चेनसॉ चालवू नये. जाणत्या माणसाच्या हाताखाली जमिनीवरचे काम करावे. खाली पडलेल्या फांद्या तोडणे, दोर धरणे, वाटेवरची माणसे थांबवणे, मशीनची कानस मारणे ही कामे हलकी वाटली तरी शिक्षण त्यांतच आहे. कोणते लाकूड कसे मोडते हेही खालूनच कळते. शेवगा, जांभूळ यांची फांदी हिरवी असली तरी काडकन मोडते. चिंचेची चिवट असते, वाकते, पण सहसा दगा देत नाही. वाळवी लागलेला, आतून पोकळ झालेला बुंधा कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकून पाहिला तर आवाजावरून ओळखू येतो.

लाकडाच्या वजनाचा अंदाजही खालीच येतो. एक फूट जाडीची आणि दहा फूट लांबीची ओली फांदी सुमारे दोन क्विंटल भरते. ती खाली येताना कोणाच्या हाताने थांबत नाही. म्हणून झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात तोडणाऱ्याखेरीज माणूस, मूल वा जनावर नसावे.

अंगावर काय हवे

पहिली खरेदी डोक्याची. दुचाकीचे हेल्मेट येथे चालत नाही. त्यात ऐकू येत नाही आणि वर-बाजूला दिसत नाही. हनुवटीखाली पक्का पट्टा असलेले, पुढे जाळीचा पडदा आणि दोन्ही कानांवर झाकण्या असलेले झाडकामाचे हेल्मेट घ्यावे. पट्टा नसलेले हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचते. कानांच्या झाकण्या म्हणजे चैन नव्हे. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज ऐकला तर ऐकू येणे हळूहळू जाते, आणि चेनसॉचा आवाज शंभरच्या पुढे असतो. एकदा गेलेला कान परत येत नाही.

दुसरी खरेदी पायांची. चेनसॉच्या बऱ्याच जखमा मांडीला आणि गुडघ्याखाली होतात. त्यासाठी वेगळी पॅंट मिळते. तिच्या आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की ते धागे बाहेर ओढले जातात, चेनच्या चाकात गुंततात आणि चेन जागीच थांबते. पॅंट फाटते, मांडी राहते. एकदा असा मार बसला की ती पॅंट पुन्हा कामाला वापरू नये. सोबत घोट्याच्या वर येणारे, न घसरणाऱ्या तळाचे बूट आणि हातमोजे. लुंगी, मफलर, गळ्यातला गोफ, ढिली बाही हे घरी ठेवून यावे.

तिसरी खरेदी दोर आणि पट्ट्याची. सुंभाचा दोर, विहिरीचा सोल, ट्रॅक्टरवर भारा बांधायचा नायलॉन दोर यांपैकी एकही माणूस टांगण्यासाठी नाही. चढाईसाठी साधारण १२ ते १३ मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा, खास त्याच कामासाठी बनवलेला दोर घ्यावा. त्याच्या सोबतच्या चिठ्ठीवर तो किती भार सोसतो हे छापलेले असते. चिठ्ठी नसेल तर दोर घेऊ नका. ओझी ओढायचा दोर वेगळा ठेवा. दोन्ही दोर वेगवेगळ्या रंगांचे असले म्हणजे गल्लत होत नाही.

पट्टा म्हणजे हार्नेस. कमरेभोवती आणि दोन्ही मांड्यांभोवती बसणारा, ज्यात आरामात बसून काम करता येते असा झाडकामाचा हार्नेस मिळतो. बांधकामावरचे मजूर वापरतात त्या हार्नेससाठी आय.एस. ३५२१ हे भारतीय मानक आहे. तो पडलेल्याला धरून ठेवतो, पण त्यात तासभर बसून फांदी कापता येत नाही. दोहोंतला फरक दुकानदाराला विचारून घ्या. नुसता कमरेचा एकेरी पट्टा मुळीच घेऊ नका. पडताना तो छातीपर्यंत सरकतो आणि श्वास कोंडतो. हार्नेसला दोर जोडणारी कडी आपोआप मिटणारी व कुलूप लागणारी असावी. गिर्यारोहक तिला कॅराबिनर म्हणतात. ट्रॉलीची किंवा गुरांच्या साखळीची कडी येथे नको.

आणि हे सारे कायमचे नसते. दर वेळी काम सुरू करण्यापूर्वी सगळा दोर बोटांतून सरकवून पाहावा. कुठे मऊ, कुठे कडक, कुठे धागा तुटलेला लागला तर तो दोर चढाईतून काढून टाकावा. पेट्रोल, बॅटरीचे पाणी आणि ऊन हे दोराचे शत्रू होत. तो पिशवीत, सावलीत, उंदरांपासून दूर ठेवावा.

आता करवत

एवढे झाल्यावर मशीन. बाजारात मोठ्या इंजिनाची, बावीस इंची पट्टीची मशीन स्वस्तात दाखवतात आणि पोरांना ती शोभून दिसते. नवख्याला ती नको. ३५ ते ४५ सी.सी.ची, चौदा किंवा सोळा इंची पट्टीची करवत शिकायला पुरे. ती हलकी असते, आटोक्यात राहते आणि गावातली बहुतेक कामे तिच्याने होतात. वर मूठ असलेली छोटी करवत दिसेल. ती सोपी वाटते, पण ती फक्त झाडावर टांगून काम करणाऱ्या शिकलेल्या माणसासाठी आहे. एका हाताने धरण्याचा मोह तिच्यात फार.

घेताना चार गोष्टी हात लावून तपासा. पुढच्या मुठीपुढे चेनब्रेक असावा आणि तो दाबताच चेन थांबावी. मागच्या मुठीवरचे कुलूप दाबल्याशिवाय ट्रिगर दाबला जाऊ नये. चेन तुटली तर तिला अडवणारा आकडा खाली असावा. आणि मुठी व इंजिन यांच्यामध्ये धक्के शोषणारे रबर किंवा स्प्रिंग असावेत. हे नसेल तर वर्षानुवर्षांच्या थरथरीने बोटे बधिर होतात, पांढरी पडतात.

या करवतीचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे उसळी. पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला टेकला की चेन तिथे अडकते आणि सारी मशीन क्षणार्धात वर, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उडते. माणसाला समजण्याआधी ते होऊन जाते. म्हणून टोकाने कधी कापू नये. दोन्ही हातांनी धरावे, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवलेला असावा, डोके पट्टीच्या रेषेत नसावे आणि खांद्याच्या वर करवत उचलू नये. शिडीवर उभे राहून चेनसॉ चालवणे हा तर अपघाताला दिलेला आवतणाचा विडाच समजा.

सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवावी, चेनब्रेक लावावा, मागच्या मुठीत पाय रोवावा आणि मग दोरी ओढावी. हातात लटकवून झटका देऊ नये. इंजिन दोन स्ट्रोकचे असते, त्याला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. प्रमाण सोबतच्या पुस्तकात पाहावे. पन्नासास एक असे लिहिले असेल तर लिटरला वीस मिलिलिटर, पंचविसास एक असेल तर चाळीस. पट्टीच्या तेलाची टाकी वेगळी असते, तीही प्रत्येक वेळी भरावी. पेट्रोल इंजिन निवल्यावरच घालावे आणि भरलेल्या जागेपासून दहा पावले दूर जाऊन मशीन सुरू करावी. विडी त्या वेळी नको.

चेनला धार आहे की नाही हे भुसा सांगतो. लांब, जाडसर कचरे पडत असतील तर धार ठीक. बारीक पिठासारखा भुसा पडू लागला आणि करवत दाबावी लागली की थांबा आणि गोल कानस मारा. बोथट करवत दाबून चालवणारा माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाचा हात घसरतो.

तोडताना

आधी परवानगी. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमन कायद्याखाली हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी ही झाडे स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारून घ्यावे. मजुरीवर तोडणाऱ्यानेही मालकाकडे कागद मागावा, त्यात संकोच नको.

उभे झाड पाडताना ज्या बाजूला पाडायचे तिकडे बुंध्याच्या जाडीच्या चौथ्या हिश्शाएवढी खाच घ्यावी. मग मागून, खाचेच्या तळापेक्षा दोन बोटे वर कापत यावे आणि आरपार जाऊ नये. मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाची लाकडाची पट्टी राखावी. दीड फुटी बुंध्याला जवळपास दोन इंच. ती दाराच्या बिजागरीसारखे काम करते, झाडाला हव्या त्या बाजूला निजवते. ती कापली तर झाड कुठेही वळेल. झाड हलले की मागे तिरक्या दिशेने निघून जायचे. ती वाट आधीच झुडपे तोडून मोकळी केलेली असावी. एकाच अंगाला फार कललेले झाड मागून कापताना उभे फाटून बुंधा अंगावर येतो. असे झाड नवख्याने सोडून द्यावे.

जाड फांदी छाटताना तीन काप घ्या. पहिला खोडापासून फूटभर अंतरावर, खालून, जाडीच्या चौथाईपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून. फांदी साल न फाटता सुटते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, खोडाला लागून असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेरून. तो कडा राखला तर झाड जखम स्वतः भरून काढते. आंब्याच्या अशा जखमेवर बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण.

विजेची तार जवळ असेल तर फांदीला हात लावू नका. ओल्या फांदीतून वीज उतरते. महावितरणच्या कार्यालयात कळवा, पुरवठा बंद झाल्याची खात्री करा, मगच काम.

वादळात आडवे झालेले झाड उभ्या झाडापेक्षा लबाड असते. वाकलेल्या फांदीची एक बाजू ताणलेली आणि दुसरी दबलेली असते. आधी दबलेल्या बाजूने थोडा काप आणि मग ताणलेल्या बाजूने, हळूहळू. उलट केले तर फांदी चाबकासारखी उसळते किंवा पट्टी अडकून बसते. उपटलेल्या मुळांचा गड्डा खोड कापताच पुन्हा खाली बसू शकतो. त्या खड्ड्यात पोरांना खेळू देऊ नका.

वर चढणे

चढण्यापूर्वी झाडाभोवती एक फेरी मारा. आग्या मोहोळ, उंबीलांची घरटी, ढोलीतले जनावर, वर अडकलेली सुटी फांदी पाहा. वारा सुटलेला असेल किंवा साल ओली असेल तर काम उद्यावर टाका.

वर गेल्यावर मुख्य दोर मनगटापेक्षा चांगल्या जाड, जिवंत फांदीच्या बेचक्यातून जावा. दोरावर प्रुसिकची गाठ शिकावी. भार नसला की ती सरकते, भार आला की आवळून धरते. करवत चालू करण्यापूर्वी माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, एक मुख्य दोर आणि दुसरा खोडाभोवतीचा आखूड पट्टा, ज्याच्या आत पोलादी तार असते. चेन चुकून एकाला लागली तरी दुसरा धरून ठेवतो. साधी हातकरवत म्यानात घालून नेली तर वरची निम्मी कामे तिनेच होतात, आणि नवख्याने तेवढीच करावी.

माडाची गोष्ट निराळी. त्याला फांद्या नाहीत, दोर अडकवायला बेचके नाही. गोव्यात ज्यांना पाडेली म्हणतात ते पायात फास घालून सरसर चढतात. ती कला लहानपणापासूनची. ज्यांना ती नाही त्यांच्यासाठी केरळात कण्णूर जिल्ह्यातील चेंबेरी येथील चढण्याचे यंत्र प्रसिद्ध आहे. तारेचे दोन वेढे, एकेका पायाला एक, आळीपाळीने वर सरकवत उभ्याने चढायचे. कोचीच्या नारळ विकास मंडळाने २०११ पासून अशा यंत्रावर चढण्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली आणि माडावर चढणाऱ्यांसाठी केरा सुरक्षा नावाची विमा योजनाही चालवली. यंत्र घेतले तरी हार्नेस हवाच. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणाची चौकशी करा.

घरच्यांसाठी

एकट्याने झाडावर जायचे नाही, हा घरातला कायदा करा. खाली असा माणूस हवा की ज्याला वरच्याला उतरवता येईल. बेशुद्ध होऊन हार्नेसमध्ये लोंबकळणाऱ्याचे रक्त पायांत साठते, थोड्याच मिनिटांत जिवाला धोका होतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर घट्ट दाबून धरावी, हळद-चहापूड भरू नये. उंचावरून पडलेल्याला उठवून बसवू नये, पाठ-मान हलू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

विम्याचेही पाहून ठेवा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला अपघातही धरला आहे. मृत्यू आल्यास दोन लाख आणि एक हात, पाय वा डोळा कायमचा गेल्यास एक लाख रुपये मिळतात. पण ती सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरातल्या एका व्यक्तीसाठी आहे. भूमिहीन मजुराला ती लागू नाही. तुमच्या झाडावर चढणारा गडी भूमिहीन असेल तर पोस्टातून किंवा बँकेतून त्याचा अपघात विमा काढला आहे का, हे मालकाने विचारावे. शंभर नारळ उतरवून घेताना एवढी चौकशी जड नाही.

आता पत्र लिहिणाऱ्या ताईंसाठी आणि त्यांच्यासारख्या सर्वांसाठी हिशेब सांगतो. या वर्षी हेल्मेट, बूट आणि हातकरवत एवढेच घ्या व मुलाला जाणत्याच्या हाताखाली जमिनीवर धाडा. त्या मजुरीतून दोर आणि हार्नेस येईल. चेनसॉची पॅंट आणि मध्यम मशीन पुढच्या हंगामात, एकाच वेळी. एक घेऊन दुसरे टाळायचे नाही. म्हैस गोठ्यात राहील, दूध सुरू राहील. आणि वर्षभर खाली राहून ज्याचा उत्साह टिकला, त्याच्या हाती मशीन द्यायला हरकत नाही.

रोज सकाळी तो निघताना मात्र चार प्रश्न विचारा: दोर पाहिलास का? खाली कोण आहे? तार कुठे आहे? किती वाजता येशील? तो चिडला तरी विचारा.

पुढच्या अंकात पावसाळ्यापूर्वी गोठ्याची डागडुजी आणि चाऱ्याची साठवण यांविषयी बोलू. तोवर, रामराम.